बिनहाकेची ओ

ज्यांना पटणार नाही, त्यांनी इथेच वाचणं सोडलं तरी माझी तक्रार नाही.

पण हे घडलेलं आहे. ज्या बाईच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी वहिनी. फेलिपा तिचं नाव. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आम्ही एकाच अंगणात राहत होतो. काही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचं तिनं मला सांगितलंय, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलेलं नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र धरून चालतात.

ही पहाटे सुरू झाली. रेडिओवर.

ग्वातेमालाच्या डोंगरातलं आमचं गाव, चुआताक. मक्याची कापणी उरकत आली होती. सकाळी असं धुकं उतरायचं की अंगणातून शेजारच्या घराचा नुसता धूर दिसायचा, घर दिसायचं नाही. टेकडीवर पत्र्याची एक खोली, तिच्यात गावाचा रेडिओ. दर गुरुवारी पहाटे तिथून वहिनीचा कार्यक्रम लागायचा, 'बायांची पहाट'. आमच्याच किचे भाषेत.

चुली पेटल्या, बाया मका वाटायला बसल्या, की घराघरातून तिचा आवाज यायचा.

"ऐकताय ना गं बायांनो?"

ही तिची सुरुवात. मग गावोगावच्या म्हाताऱ्या बाया बोलायच्या. बियाणं राखेत कसं ठेवायचं. कोणत्या सालीत सूत उकळलं की रंग धरतो. अंगावरचं दूध आटलं तर काय खायचं. जे आजवर आईनं लेकीच्या कानात सांगितलं होतं, ते वहिनी माईकवर आणत होती. फार नाव झालं होतं तिचं. बाजारात बाया तिचा हात धरून म्हणायच्या, "अगंबाई, हीच का ती!"

तिलाही ते आवडायचं. का आवडू नये?

त्या आठवड्यात विषय होता बाळंतिणीचा शेक.

आमच्याकडे प्रत्येक अंगणात तुख असते. मातीची ठेंगणी कोठडी, रांगत आत जायचं, आतले दगड तापवायचे, पाणी शिंपडायचं आणि वाफेत बसायचं. बाळंतिणीचं दुखरं अंग त्यानं सुटतं. पण तुख जितकी मायाळू, तितकीच घातकी. निखारा नीट जळला नाही तर विषारी वायू साठतो, त्याचा वास येत नाही, धूर दिसत नाही... माणूस बसल्या जागी झोपतं, आणि मग उठत नाही.

हे सांगायला वहिनीनं निवडली नान सिप्रियाना. थोरल्या बाईला आम्ही नान म्हणतो, थोरल्या पुरुषाला तात. सिप्रियाना गावची सुईण, अर्धं गाव तिच्या हातात जन्मलेलं. गुडघे गेल्यामुळे ती टेकडी चढू शकत नव्हती, म्हणून वहिनी रेकॉर्डर घेऊन तिच्या अंगणात गेली.

म्हातारी बोलायला लागली की थांबायची नाही. लाकूड कोणतं, दगड किती तापवायचा, कोणता पाला पाण्यात भिजवायचा. आणि शेवटी म्हणाली,

"आता हे नीट ऐका. बाळंतिणीला एकटीला आत सोडायचं नाही. दाराबाहेर कोणीतरी बसायचं. सासू बसो, शेजारीण बसो. आणि थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची. आतून ओ आलीच पाहिजे. नाही आली तर विचार करत बसायचं नाही, दार फोडायचं. थांबा, दाखवते कशी मारायची हाक."

आणि तिनं हाक मारली. लांब, खणखणीत. "अगं पोरीऽऽ!"

मग ती हसली आणि म्हणाली, "झालं. बंद कर आता ते यंत्र, आपण मक्याचा गरम अतोल पिऊ."

गुरुवारी वेळ कमी पडला.

कारण काय, तर वहिनीच्या मामेबहिणीचं लग्न होतं. वहिनीला तिच्या नावानं शुभेच्छा वाचायच्या होत्या आणि वर मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावरचं एक गाणं लावायचं होतं. सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं तिनं, रेडिओ लावा म्हणून.

रेडिओची यंत्रं सांभाळायचे तात बाल्ताझार. ते म्हणाले, "फेलिपा, एक तर म्हातारी काप नाहीतर नवरी काप. दोघी मावायच्या नाहीत."

वहिनी हसली. म्हणाली, "म्हातारीचं शेपूट कापते. बाहेर बसायचं हे कोणाला माहीत नाही? शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

आणि तिनं ते कापलं.

लग्नाचं गाणं छान वाजलं. पाहुणे खूश झाले.

पुढच्या आठवड्यात बाल्ताझारांनी तिच्यापुढे एक चिठ्ठी सरकवली. पंचक्रोशीतल्या मयताच्या बातम्या रेडिओवरच सांगतात, त्या वाचायचं काम तिचंच. धीरगंभीर संगीत लागलं, आणि ती वाचायला लागली.

शेकाम वाडीची एल्विरा. वय एकोणीस. मागे तान्हं बाळ. मरणाचं कारण... तुखीत गुदमरून.

वहिनीचा आवाज तिथंच अडकला. ऐकणाऱ्यांना वाटलं, बाईचं मन हळवं आहे.

हळूहळू बाकीचं कानावर आलं. एल्विरा इकडची नव्हती. खाली किनाऱ्याकडच्या कॉफीच्या मळ्यावर वाढलेली, आई लहानपणीच गेलेली. तिकडे तुख नसते. डोंगरातले रीतिरिवाज तिला शिकवणार कोण? नवरा मळ्यावर मजुरीला. ती म्हणे रेडिओला कान लावून बसायची, आणि वहिनीला 'माझी रेडिओवरची आई' म्हणायची. त्या दिवशी सासू बाजारात गेलेली. एल्विरानं बाळाला दूध पाजलं, खाटेवर पांघरुणात गुंडाळून ठेवलं. लाकूड सांगितलं तेच घेतलं. दगड सांगितले तसेच तापवले. पाला भिजवला. सगळं सांगितल्याबरहुकूम केलं.

जे सांगितलंच नव्हतं, तेवढं राहिलं.

आता मला सांगा, वहिनीनं तेव्हाच तोंड उघडलं असतं तर?

तिनं नाही उघडलं. आणि लोक बोलायला लागले. सिप्रियानाबद्दल.

"म्हातारीचं डोकं सुटलं आता. अर्धवट सांगते आणि बायका मारते."

दिवस भरलेल्या बाया दुसऱ्या गावची सुईण बोलवायला लागल्या. सिप्रियानाच्या दारात पहाटे उठवायला येणारी माणसं यायची बंद झाली. वहिनी तिला भेटायला जायची, अतोल प्यायची, गप्प बसायची. एकदा म्हातारी आपणहून म्हणाली,

"फेलिपा, मला वाटत होतं, मी सांगितलं होतं. बाहेर बसायचं. सांगितलं होतं ना गं? की विसरले मी?"

वहिनी म्हणाली, "आठवत नाही, नान."

तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती दोन्ही हातांनी स्वतःचे कान दाबून बसली होती.

कारण त्यानंतरच ते सुरू झालं.

गुरुवारची पहाट. बाहेर धुकं. वहिनीनं कानाला हेडफोन लावले, माईक सुरू झाला.

"ऐकताय ना गं बायांनो?"

आणि हेडफोनमध्ये... अगदी जवळून...

"ओ."

बाईचा आवाज. दमलेला.

तिनं चमकून बाल्ताझारांकडे पाहिलं. ते तारा सोडवण्यात गुंग.

"तात, कोण बोललं?"

"तूच बोलतेयस. माईक चालू आहे, सांभाळ."

तिला वाटलं, भास. पण कार्यक्रम संपल्यावर एका बाईचा फोन आला. "फेलिपाताई, आज सोबत कोणाला आणलंत? ओ म्हणाली, पण पुढे काही बोललीच नाही बिचारी."

वहिनीनं फोन ठेवून दिला.

मग ते घरी आलं.

भर दुपार, लख्ख ऊन. वहिनी अंगणात मक्याची कणसं पसरत होती. तिनं दादाला हाक मारली. दादा शेतावर गेलाय हे तिच्या लक्षात नव्हतं.

"ओ."

आमच्या तुखीतून.

तुख कित्येक दिवसांत पेटली नव्हती. दारावर फळी लावलेली. आत कोळ्यांची जाळी.

तिनं कुत्र्याला हाक मारली, तरी ओ. कोंबड्यांना बोलावलं, तरी ओ. हाक कोणालाही मारा, ओ तिकडूनच यायची. कोणी आत अडकलंय आणि येणारी प्रत्येक हाक आपल्यालाच आहे असं समजतंय... अशी.

मला ऐकू यायचं नाही. पण मी एक गोष्ट पाहिली. वहिनीनं हाक मारणंच बंद केलं. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असले तरी ती चालत यायची, माझ्या खांद्याला हात लावायची आणि मग बोलायची.

मी चिडवलं तिला. "वहिनी, आवाज काय रेडिओला गहाण टाकलास?"

ती हसली नाही. तिनं नुसतं तुखीकडे पाहिलं.

रेडिओवरची सुरुवातही तिनं बदलली. ती आता कोणाला काही विचारायची नाही. पण मन खात होतं. एका संध्याकाळी, उजेड असतानाच, ती टेकडीवर गेली. बाल्ताझार बाहेर बॅटऱ्या पुसत होते. तिनं सिप्रियानाचं अख्खं रेकॉर्डिंग शोधून लावलं. कापायच्या आधीचं.

म्हातारीचा आवाज आला. "नाही आली तर विचार करत बसायचं नाही, दार फोडायचं. थांबा, दाखवते कशी मारायची हाक... अगं पोरीऽऽ!"

आणि लगेच...

"ओ."

वहिनीनं यंत्र बंद केलं.

हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा एल्विरा जिवंत होती. सिप्रियानाच्या अंगणात त्या दिवशी दोघींशिवाय चिटपाखरूही नव्हतं. वहिनीनं स्वतः ते तेव्हा कानानं तपासलं होतं. हाकेनंतर म्हातारीचं हसू होतं. बाकी काही नाही.

तिनं पुन्हा लावलं.

"अगं पोरीऽऽ!"

"...ओ."

या वेळी लांबून. क्षीण.

तिनं पुन्हा लावलं. आता ओ अशी आली की जीभ जड झालेली, झोप अनावर झालेली.

तिला थांबता येईना. पुन्हा लावलं.

"अगं पोरीऽऽ!"

...

...

काहीच आलं नाही.

वहिनी किंचाळत बाहेर धावली. बाल्ताझार घाबरून उभे राहिले. "अगं झालं काय?"

"ओ येत नाहीये तात! आता ओ येत नाहीये!"

ती तशीच धावत सिप्रियानाकडे गेली. म्हातारी उंबऱ्यावर बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. वहिनी तिच्या पायाशी बसली आणि सगळं ओकली. लग्न, गाणं, कापलेला भाग, सगळं.

सिप्रियाना बराच वेळ शेंगा सोलत राहिली.

"म्हणजे मी विसरले नव्हते," ती शेवटी म्हणाली.

"नाही, नान."

"इतके महिने मी सकाळी उठले की माझ्या मेलेल्या लेकरांची नावं म्हणून बघते. आठवतात का, डोकं ठिकाणावर आहे का, ते बघते. आणि तू माझ्या चुलीशी बसून माझा अतोल पीत होतीस."

वहिनीनं तिचे पाय धरले. म्हातारीनं ते सोडवून घेतले.

"माझे पाय काय धरतेस? बाल्ताझारला गाडी काढायला सांग. शेकामला जायचंय."

"नान, मी रेडिओवर सांगते सगळं. उद्याच्या उद्या."

"रेडिओ मागाहून. जिची सून गेली तिला आधी तोंडानं सांग. रेडिओवर बोलताना समोर कोणाचं तोंड दिसत नाही, म्हणून सोपं वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं शेकामला गेले. एल्विराची सासू नान खेसुसा चुलीपाशी होती. पाठीला फडक्यात बांधलेलं बाळ. तिनं ऐकून घेतलं. ओरडली नाही, रडली नाही. तव्यावरची भाकरी जळाली, तेवढंच.

मग म्हणाली, "मी बाजाराला निघाले तेव्हा तिनं विचारलं होतं. नान, आज शेक घेऊ का? मी म्हटलं, घे की. तुझी रेडिओवरची आई सांगते तसं कर." तिनं जळकी भाकरी काढून बाजूला ठेवली. "मला माहीत होतं बाहेर बसावं लागतं. मला वाटलं, रेडिओनं तिलाही सांगितलं असेल."



"परत आले तर ती तुखीत बसायच्या दगडावर नव्हती," खेसुसा म्हणाली. "दाराशी होती. आतून. गुडघे पोटाशी घेऊन. आणि कान फळीला लावलेला..."

खेसुसानं तवा खाली उतरवला.

"माणूस हवेसाठी नाक लावील दाराला. तोंड लावील. हिनं कान लावला होता. कशासाठी, ते मला अजून कळलं नाही."

"मला माफ करा, नान," वहिनी कशीबशी म्हणाली.

"मी कोण माफ करणारी? मी तरी कुठं घरी होते?" खेसुसानं पाठीवरचं बाळ सावरलं. "जा आता. पोर झोपलंय."

त्या गुरुवारी वहिनीनं रेडिओवर सगळं सांगितलं. नाव घेऊन, कारण सांगून, काही न लपवता. शेजारी सिप्रियाना बसली होती. तिला चार माणसांनी खुर्चीत बसवून टेकडीवर आणलं होतं. मग अख्खं रेकॉर्डिंग लागलं. आम्ही घरी ऐकत होतो.

"अगं पोरीऽऽ!"

मागून म्हातारीचं हसू. बस्स. दुसरं काही नाही.

त्या दिवसापासून वहिनीला ओ ऐकू आली नाही. ना हेडफोनात, ना अंगणात. लोकांनी तिला खूप बोल लावले. काही जण थुंकलेही. कार्यक्रम तिनं सोडला, आता दुसरी एक जण चालवते. सिप्रियानाच्या दाराशी पुन्हा माणसं यायला लागली, पण ती वहिनीशी आजही मोजकंच बोलते.

इथं संपायला हवं होतं.

पण पुढच्या हिवाळ्यात वाड्यावाड्यांतून एक कुजबुज ऐकू यायला लागली. एक बाळंतीण तुखीत होती. बाहेर बसलेली जाऊ रडणारं पोर घ्यायला उठून गेली. आतलीचे डोळे मिटायला लागले... तेवढ्यात बाहेरून हाक आली. तिच्या नावानं. ती दचकून जागी झाली, ओ दिली, रांगत बाहेर आली.

बाहेर कोणी नव्हतं.

मग दुसऱ्या वाडीत तेच. मग तिसऱ्या. सगळ्या एकच सांगायच्या. तरुण बाईचा आवाज. बोलण्याची ढब किनाऱ्याकडची.

मला खरं वाटलं नव्हतं.

माझं पहिलं बाळंतपण गेल्या पावसाळ्यानंतर झालं, सासरी. माझी सासू दाराबाहेर बसली होती. मला आत गुंगी येत होती, अंग हलकं होत होतं, फार बरं वाटत होतं. बाहेरून हाक आली. मी ओ दिली. पुन्हा हाक आली, या वेळी घाईची, अगदी फळीला तोंड लावून मारल्यासारखी. मी ओ देत फळी ढकलली आणि बाहेर आले.

सासू अंगणाच्या पार पलीकडे. सुटलेल्या डुकराच्या मागे धावत होती. तिनं एकदाही हाक मारली नव्हती.

मी पळत पळत माहेरी गेले नाही, तेवढी ताकद नव्हती. पण वहिनी बाळ बघायला आली तेव्हा तिला सांगितलं. म्हटलं, "वहिनी, ती लोकांना वाचवते गं. तू आता मन मोकळं कर."

वहिनीनं माझ्या बाळाच्या मुठीत बोट दिलं.

मग इतक्या हळू म्हणाली की मला वाकावं लागलं.

"मी कितीदा बसलेय आमच्या तुखीत. निखारे लावून, फळी ओढून. बाहेर कोणालाही न बसवता. डोळे मिटेपर्यंत बसते, मग कशीबशी रांगत बाहेर येते."

"वहिनी!"

"सगळ्यांना मारते ती हाक," फेलिपा म्हणाली. "मला नाही मारत."

तेव्हापासून मी दादाला सांगून ठेवलंय, ती अंगणात दिसली नाही तर आधी तुखीकडे धाव. दादा म्हणतो, बरं. पण दादा शेतावर असतो. आणि ती कोणाच्याच हाकेला आता चटकन ओ देत नाही.